बावीस किलो

लिजी सिस्टरने आधी त्याचं वजन केलं.
बावीस किलो दोनशे.
अकरा वर्षांचा संग्राम,
प्रार्थनेच्या रांगेत पहिला,
गेल्या तीन दिवाळ्या एकच शर्ट.

वजनावर इंजेक्शन ठरतं, त्या म्हणाल्या.
मी मान हलवली. वजन मला कळतं.
वाशीच्या बाजारात एकोणीस वर्षं
साखरेची पोती पाठीवर घेतोय,
पन्नास किलोचं एक.
पोरगा अर्ध्या पोत्याचाही नाही
हे मात्र नेरूळच्या त्या काट्यावर कळलं.

मॅडमनी रिकाम्या पाकिटावर चित्र काढलं:
हा मेंदू. त्याच्या खाली, नाकाच्या मागे,
देठाला लोंबणारा एक वाटाणा.
"आपण त्याची साखर मुद्दाम उतरवणार.
चाळीसच्या खाली गेली की वरून हाक निघते,
वाटाणा जागा होतो, रक्तात रस सोडतो,
त्यातलाच एक वाढीचा.
सोडतो की नाही, तेवढंच बघायचंय."
म्हणजे उपाशी ठेवलं
की वाढ येते?
"तसंच काहीसं," म्हणाल्या.

त्याच्या आईला मी आणलं नव्हतं.
तिने दिलं असतं काहीतरी.

सुई लागली तेव्हा तो हसला.
पंधराव्या मिनिटाला एक नळी रक्त. बासष्ट.
खिडकीबाहेर पाम बीचवर गाड्या,
पलीकडे खाडी, ओहोटीची.
मग घाम आला,
आधी वरच्या ओठावर, मग मानेवर,
ओझं न उचलता आलेला घाम.
बोटं थरथरायला लागली.
"बाबा, भूक."
मी गप्प.
"बाबा, काहीतरी."
अडतीस, सिस्टर म्हणाल्या, जरा खुशीतच,
आणि दुसरी नळी भरली.

माझ्या पॅन्टीच्या मुडपीत साखर होती.
रात्री दोन ट्रक रिकामे करून तसाच आलो होतो.
कॉलरमध्ये असते, घड्याळाच्या पट्ट्याखाली असते,
आमच्या चपला मुंग्या ओळखतात.
साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात.
वाहणाऱ्याचं काय
ते त्या म्हणीत नाही.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

त्याचे डोळे मिटायला लागले.
सिस्टर गालावर टिचकी मारत विचारत राहिल्या,
नाव सांग, शाळा सांग, मावशीचं गाव सांग.
पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो.
ही दुसरीच होती.
मी त्याच्या डोक्याकडे बघत होतो,
दोन भोवऱ्यांच्या मधल्या जागेकडे.
गाळ्यावर अवेळी ट्रक लागला
की मुकादम काळोखात उठवत फिरतो,
एकेकाचं नाव घेऊन, पायाने ढोसून,
तसं आत कुणीतरी उठावं,
हाक द्यावी,
आणि त्या वाटाण्याने ओ द्यावी.
ओ दे रे.
एवढा दाणा तू,
पोत्यातून सांडलास तर कुणी वाकणारही नाही,
ओ दे.

पंचेचाळीस मिनिटं. साठ. नव्वद.
नळ्या बर्फात गेल्या.
मधेच कधीतरी ग्लुकोजचं पाणी मिळालं होतं,
नंतर उपमा, दोन केळी,
आणि पोरगं असं ताठ बसलं
जसं काही वेड आम्हालाच लागलं होतं.
बसमध्ये म्हणाला, "मी काय बोललो?"
म्हटलं, मावशीचं गाव चुकलास.
"कुठलं सांगितलं?"
पाटणच्या ऐवजी पनवेल.
कोपरखैरणे येईपर्यंत हसत होता.

रिपोर्ट गुरुवारी.

रात्री आईने त्याचा दंड फिरवून फिरवून बघितला,
चार ठिकाणचा कापूस.
मला काही विचारलं नाही.
तो जेवत होता. भाकरी संपली,
ताट पुढे सरकवून
मान खालीच ठेवून म्हणाला,
वाढ.

तिने अर्धी वाढली.
मी उठलो, मोरीत गेलो,
मुडपी उलटी करून
साखर झटकली.